फायरवॉलच्या नोंदी आणि मध्यवर्ती दप्तर : सिसलॉगच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणक-जाळ्याच्या सीमेवर बसविलेल्या फायरवॉलचे काम दुहेरी असते. बाहेरून आलेला संदेश आत सोडावयाचा की अडवावयाचा, याचा निर्णय ती करते. आणि केलेला निर्णय ती लिहून ठेवते. पहिल्या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याविषयी, म्हणजे ही नोंद कोणत्या मार्गाने कोठे पाठविली जाते आणि तेथे पोहोचेपर्यंत तिच्यात काय उणे होते याविषयी, त्या मानाने थोडेच लेखन झालेले आहे. एखाद्या संस्थेच्या निरनिराळ्या शहरांतील फायरवॉलच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करावयाच्या झाल्यास आजही बहुधा सिसलॉग या पद्धतीचाच आश्रय केला जातो. ही पद्धत मुळात फायरवॉलसाठी निर्माण झालेली नव्हती. ती टपाल वाहणाऱ्या एका प्रोग्रामच्या सोयीसाठी जन्मास आली. या उगमाचे ठसे मध्यवर्ती दप्तरातील नोंदींवर कायम राहिले असून, त्या नोंदींना पुरावा मानणाऱ्याने ते ओळखावयास हवेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन हे सेंडमेल हा प्रोग्राम लिहीत होते. टपाल कोठे अडले, कोणते पत्र परत आले, हे नोंदविण्याची त्यांस गरज भासली. तेवढ्यासाठी त्यांनी सिसलॉग सिद्ध केला, आणि १९८३ च्या बीएसडी ४.२ या आवृत्तीतून तो सेंडमेलसह बाहेर पडला. पुढे इतर प्रोग्रामांनी तो उचलला, आणि नोंद त्याच यंत्रावर न लिहिता जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे धाडण्याची सोयही रूढ झाली. याविषयी कोणी ठराव केला नव्हता की नियम घातला नव्हता. इंटरनेटच्या तांत्रिक लेखमालेत सिसलॉगवरचा आरएफसी ३१६४ हा लेख प्रसिद्ध झाला तो थेट ऑगस्ट २००१ मध्ये. आणि तोही चालू असलेल्या वहिवाटीचे केवळ वर्णन करणारा होता, तिला बंधन घालणारा नव्हता.

वहिवाटीचा हा जुनेपणा नोंदीच्या पहिल्याच आकड्यात दिसतो. सिसलॉगमध्ये नोंदींचे २४ वर्ग आणि तीव्रतेच्या ८ पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. वर्गाच्या क्रमांकास ८ ने गुणून त्यात तीव्रतेचा क्रमांक मिळविला की नोंदीच्या शिरोभागी येणारा आकडा तयार होतो. या वर्गांत टपालास २ हा क्रमांक आहे, छपाईयंत्रास आहे, आज जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या यूयूसीपी या टपालपद्धतीसही आहे. फायरवॉलला मात्र जागा नाही, कारण वर्ग ठरले तेव्हा फायरवॉल या वस्तूचा व्यवहारात उदयच झालेला नव्हता. साहजिकच उत्पादकांनी ‘स्थानिक उपयोगासाठी’ राखून ठेवलेल्या १६ ते २३ या आठ वर्गांत आपल्या नोंदी घुसविल्या. सिस्को कंपनीच्या पिक्स फायरवॉलने त्यांपैकी २० हा वर्ग धरला. म्हणून सामान्य माहितीच्या तिच्या नोंदीवर १६६ हा आकडा येतो. हाच आकडा दुसऱ्या एखाद्या यंत्राने अगदी भिन्न अर्थाने वापरावयास प्रत्यवाय नाही. मध्यवर्ती दप्तरात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी येऊन बसतात.

नोंद मुळात दूर पाठवावयाचीच कशाला? फायरवॉलच्या आपल्या पोटात ती राहिली तर काय बिघडते? याचे उत्तर देणारे उदाहरण फायरवॉल प्रचारात येण्याच्या आधीचे आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची चूक निघाली. ती शोधण्याचे काम खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आले, आणि त्यांच्या ध्यानात आले की कोणी परका मनुष्य यंत्रात शिरून सर्वाधिकार मिळवून बसला आहे. सर्वाधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या यंत्रावरील नोंदीही असतात. तो त्या वाचू शकतो आणि पुसूही शकतो. स्टोल यांनी म्हणून यंत्रावर विश्वासच ठेवला नाही. बाहेरून येणाऱ्या दूरध्वनी-तारांवर त्यांनी उसनी आणलेली मुद्रणयंत्रे बसविली, आणि घुसखोराने टंकलेले अक्षर न अक्षर कागदावर उमटू दिले. घुसखोरास या कागदाचा पत्ता नव्हता, आणि असता तरी त्याचा हात तेथवर पोहोचणारा नव्हता. शोधाची वाट हॅनोव्हर येथील मार्कुस हेस याच्यापर्यंत गेली. १९९० मध्ये पश्चिम जर्मनीत त्यास हेरगिरीबद्दल शिक्षा झाली. फायरवॉलची नोंद दूरच्या दप्तरात पाठविण्यामागे हेच तत्त्व आहे. जो नाका फुटण्याचा संभव आहे, त्याच नाक्यावर त्याची रोजकीर्द ठेवू नये.

तत्त्व निर्दोष आहे. पण वाहन सदोष निघाले. सिसलॉगच्या नोंदी प्रथमपासून यूडीपी या पद्धतीने ५१४ क्रमांकाच्या द्वारावर पाठविल्या जातात. हिच्यात पोच नाही. पाठविणारा नोंद सोडून देतो. ती पोहोचली की वाटेत गळाली, हे त्यास कळत नाही. पाठविणारा खरा कोण, याचीही खातरजमा होत नाही, त्यामुळे बनावट नोंद पेरणेही कठीण नाही. टपालाच्या अडचणी टिपण्यासाठी एवढे पुरेसे होते, कारण दहा नोंदींतील एक गळाली तरी कोणाचे फारसे बिघडत नव्हते. फायरवॉलची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर हल्ल्याचा लोंढा येतो तेव्हाच नोंदींचा लोंढा वाहतो, आणि त्याच वेळी मार्ग तुंबून त्या सर्वांत अधिक गळतात. म्हणजे दप्तर सर्वांत विरळ कोठे, तर जेथे घटना सर्वांत दाट घडल्या तेथे. अशा दप्तरातील मौनाचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा करणारा अभ्यासक हमखास फसतो.

यावर उपाय म्हणून पोच असलेली टीसीपी ही पद्धत पुढे आली, आणि तिने एक विलक्षण पेच उभा केला. पिक्स फायरवॉलला टीसीपीने नोंदी पाठविण्यास सांगितले आणि नोंदी घेणारे यंत्र बंद पडले, तर ती नवी जोडणी आत सोडीतच नसे. कारकून जाग्यावर नाही, तर नाकाही बंद! नोंदीवाचून व्यवहार नको, हा हिशेबनिसाचा बाणा झाला; पण सगळ्या संस्थेचे काम एका भरलेल्या तबकडीपायी थांबावे, हे चालविणाऱ्यांस परवडत नसे. म्हणून ही अट सैल करणारी आज्ञाही तिच्यात ठेवावी लागली. ती आज्ञा एखाद्या फायरवॉलवर दिलेली आहे की नाही, यावरून त्या संस्थेने नोंद आणि व्यवहार यांत वडीलकी कोणास दिली, हे स्पष्ट होते. शिवाय टीसीपीने गळती पुरती थांबते, असेही नाही. आरसिसलॉग या प्रोग्रामचे कर्ते राइनर गेरहार्ड्स यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, जोडणी तुटण्याच्या क्षणी पाठविणाऱ्याच्या हातून सुटलेल्या, पण पलीकडे न पोहोचलेल्या नोंदी नाहीशा होतात, आणि पाठविणारा प्रोग्राम त्या पोहोचल्या असेच धरून चालतो.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. सिसलॉगच्या जुन्या नोंदीत महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद असतात. वर्ष नसते, आणि वेळ कोणत्या देशाची हेही नसते. मराठेशाहीचा पत्रव्यवहार वाचणाऱ्यास ही अडचण अनोळखी नाही. पत्रावर चंद्र आहे, महिना आहे, पण साल नाही, अशी कितीतरी पत्रे आपल्याकडे आहेत, आणि मजकुरातील प्रसंग व जंत्री यांची सांगड घालून त्यांचे वर्ष ठरवावे लागते. सिसलॉगच्या लेखकासही त्या पत्रलेखकाप्रमाणेच वाटले असावे की वाचणारा आज-उद्याच वाचणार. त्यास वर्ष काय सांगावयाचे? मध्यवर्ती यंत्र नोंद मिळाल्याचे वर्ष आपल्या पदरचे घालते. ३१ डिसेंबरच्या रात्री निघालेली आणि १ जानेवारीस पोहोचलेली नोंद त्यामुळे वर्षभर पुढे ढकलली जाऊ शकते. पिक्समध्ये तर वेळ लिहिण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागे. ती दिली नसल्यास नोंद वेळेवाचूनच निघे, आणि पोहोचल्याची वेळ हीच घडल्याची वेळ मानली जाई.

मार्च २००९ च्या आरएफसी ५४२४ ने वर्ष आणि वेळेचा देशपरत्वे फरक या दोहोंना नोंदीत जागा दिली. तरी जुनी घडण लोपली नाही. दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच दप्तरात नांदताना आढळतात. आणि वर्ष लिहिले म्हणून घड्याळ बरोबर असते असे नाही. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या एनटीपी पद्धतीने यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळविता येतात, पण जुळविली आहेत की नाहीत हे नोंद सांगत नाही. भारतापुरते पाहिल्यास, सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले, आणि नोंदी १८० दिवस राखण्याचे बंधन घातले. अन्वेषणास ही मुदत पुरेशी असेल. इतिहासकारास ती फारच तोकडी वाटेल, आणि त्याबद्दल त्यास कोणी विचारलेलेही नाही.

अनेक फायरवॉलच्या नोंदी एकत्र आल्याने जे कळते ते एकट्या नोंदीतून कधीच कळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. डीशील्ड या उपक्रमात २००० पासून निरनिराळ्या लोकांच्या फायरवॉलनी अडविलेल्या संदेशांच्या नोंदी जमविल्या जाऊ लागल्या. मार्च २००१ मध्ये ५३ क्रमांकाच्या द्वाराची चाचपणी जगात ठिकठिकाणी एकाएकी वाढल्याचे दिसले, आणि त्यातून ‘लायन’ नावाच्या किड्याचा माग लागला. एकेका फायरवॉलपुरती ती किरकोळ खटखट होती. पण साक्षी अनेक झाले की एकच घटना दोन नावांनी लिहिली जाण्याचा धोकाही येतो. एका जोडणीच्या वाटेत दोन फायरवॉल लागल्या आणि पहिलीने पत्ता बदलून दिला, तर दप्तरात दोन वेगळ्या पत्त्यांच्या दोन नोंदी येतात. पत्ता कोणता बदलला आणि कोणत्या क्षणी, याची तिसरी नोंद हाती नसल्यास त्या दोन्ही एकाच प्रसंगाच्या आहेत हे सिद्ध करता येत नाही. आणि त्या जुळवावयाच्या त्या वेळेवरून, म्हणजे पुन्हा त्याच घड्याळांवरून.

मध्यवर्ती दप्तर हाती आले म्हणजे अभ्यासकाने म्हणून प्रत्येक फायरवॉलवरील आज्ञांची प्रतही मागावी, आणि गळालेल्या नोंदींची मोजणीही मागावी. पिक्सची वारसदार असलेली सिस्कोची फायरवॉल, विशेष आज्ञा नसल्यास, पाठवावयाच्या ५१२ नोंदींची रांग लावते, आणि रांग भरल्यावर किती टाकून दिल्या याचा आकडा ठेवते. हा आकडा मध्यवर्ती दप्तरात आपण होऊन येत नाही. यंत्रापाशी जाऊन तो विचारावा लागतो, आणि यंत्र पुन्हा सुरू केले की तो शून्यावर येतो.