तळटीप : ‘नऊ जणांचा संच’ आणि फुंकवाद्यांची मांडणी
स्विंग चालीची जाझ धून फुंकवाद्यांच्या लहान संचासाठी बांधताना मुख्य धून सर्वांत वरच्या वाद्याकडे देऊन साथीचे स्वर तिच्याखाली एका सप्तकाच्या आत रचतात. ही दाट रचना कोंदट वाटू लागली, की वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली उतरवतात आणि तेवढ्यानेच नाद मोकळा होतो. माइल्स डेव्हिसच्या ‘नऊ जणांच्या संचा’च्या १९४९-५० मधील ध्वनिमुद्रणांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्युबा, आल्टो व बॅरिटोन सॅक्सोफोन अशी सहाच फुंकवाद्ये होती; तरीही गिल एव्हान्स आणि जेरी मलिगन यांनी, एरवी तळाचा ठेका धरणाऱ्या ट्युबालाही धुनेत सामील करून, मोठ्या वाद्यवृंदाचा भरदारपणा साधला, आणि हेच त्यांच्या मांडणीचे खरे मोठेपण होय. स्विंगचा झोल, म्हणजे स्वरजोडीतील पहिला स्वर लांबवून दुसरा आखूड ठेवणे, कागदावर बहुधा समान मात्रांतच लिहिला जातो. म्हणून स्वर कोठे तोडायचा याच्या खुणा मांडणीकाराने प्रत्येक वादकाला नेमक्या देणे आवश्यक असते.