माळव्याची बखर

कोल्हापूरच्या इतिहासात गुळाला मानाचे पान मिळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत त्याचा व्यापार वाढला आणि २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच पंचगंगेच्या पाण्यावर पिकणाऱ्या माळव्याची बखर कुणी लिहिली नाही. तिची बरीच पाने आपल्या समाजाची आहेत.

'बागवान' हा शब्द फारसी. अर्थ बाग राखणारा. कोल्हापूर-सांगलीकडे तो माळवे पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या मुसलमानांची ओळख झाला, पुढे आडनावही. शब्द दूरचा, पण पेंडीतली नावे इथलीच: चाकवत, पोकळा, शेपू, अंबाडी. दखनी बोलणाऱ्या चुलीपाशीही ती बदलली नाहीत.

आमच्या घरांत दोन कालगणना सुखाने नांदतात. सण हिजरी चंद्रावर आणि पेरा नक्षत्रांवर. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी आखूड, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००० साली तो डिसेंबरात होता. ते दिवस मेथी-गोश्ताचे, ताक-बेसन लावून घोटलेल्या चाकवताचे. २०१५ साली तो जून-जुलैत आला आणि टाकळा, कुर्डूच्या दिवसांना भिडला. रोजा तोच, ताटातली भाजी मात्र इथल्या पावसापाण्याने ठरवलेली. आपण या मातीचे कसे, याचा याहून साधा पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

हे ज्ञान मुख्यतः बायकांनी सांभाळले. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फुटवे येतात. खुडलेला पाला आज शिजवायचा, उरलेला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायचा. पीकही राखले, चूलही.

आता वाफे आकसत आहेत. मेथी महिन्याभरात रान मोकळे करते, ऊस ते वर्षभर अडवतो. पण त्याचा हिशेब बिनघोर वाटतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठची रानं बुडवली. ऊस पाण्यात काही दिवस तग धरतो, कोवळी भाजी कुजून जाते. मग शेतकरी पुन्हा उसाकडेच वळतो, आणि वाफ्याबरोबर घरचे बी जाते.

तवारिखा किल्ल्यांच्या आणि दरबारांच्या पुष्कळ झाल्या. घरातल्या दादीला, नानीला कोणत्या नक्षत्रावर काय पेरायचे, कशात काय शिजवायचे, हे विचारून वहीत उतरवण्याचे काम अजून बाकी आहे. ते आपल्यालाच करावे लागेल.