लोणावळ्याचे घर आणि अनेक डोळे

एकाच प्रसंगावर अनेक कॅमेरे रोखण्याची पद्धत आपल्याकडे निव्वळ तांत्रिक सोय मानली जाते. वास्तविक तो नाटक आणि चित्रपट यांच्यातला एक तह होता. १९५१ साली अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' ही मालिका प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित होऊ लागली. छायालेखक होता कार्ल फ्रॉइंड. 'मेट्रोपोलिस'च्या (१९२७) छायाप्रकाशाचा हा एक शिल्पकार इथे मात्र सपाट, सर्वत्र सारखा उजेड पाडू लागला. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा तोच होता. छायेचे सौंदर्य गेले, पण नटाचा प्रवेश अखंड राहिला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि हा तह मराठीत आला. 'गजरा'सारख्या कार्यक्रमांतून रंगभूमीवरची मंडळी छोट्या पडद्यावर दिसू लागली. स्टुडिओतल्या कॅमेऱ्यांपैकी कोणाचे चित्र घ्यायचे, हे पॅनेलवर त्या त्या क्षणीच ठरे. निवड करणाऱ्याचा काळ आणि नटाचा काळ एकच होता.

लोणावळ्यात तो दुभंगला. २००६ साली सुरू झालेल्या 'बिग बॉस'चे घर बहुतेक हंगामांत लोणावळ्यात असे (२०११ चा हंगाम कर्जतचा). मूळ कल्पना १९९९ च्या डच 'बिग ब्रदर'ची. भिंतींवर कॅमेरे, आरशांमागेही कॅमेरे. चित्रण अहोरात्र, आणि प्रक्षेपण सुमारे तासाभराचे. निवड आता प्रसंग घडून गेल्यावर होते.

इथे फुकोचे नाव घेण्याचा मोह टाळणे कठीण (मराठी समीक्षेने तो क्वचितच टाळला आहे). परंतु बेंथमच्या तुरुंगातल्या कैद्याला आपण या क्षणी पाहिले जात आहोत की नाही, हे ठाऊक नसते. लोणावळ्यातल्या स्पर्धकाला ते पक्के ठाऊक असते. त्यातले काय ठेवले जाईल, एवढेच त्याला कळत नाही. म्हणून तो प्रत्येक वाक्य जणू शेवटचे असल्यासारखे बोलतो. त्या सततच्या आरड्याओरड्याला केवळ सवंगपणा म्हणणे मला अपुरे वाटते.

मला जवळचे वाटते ते तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). तिथेही खेळ म्हणून सुरू झालेले हळूहळू एका बाईभोवती आवळत जाते. पण लीला बेणारेचे अखेरचे स्वगत सहपात्रांना ऐकू जात नसले, तरी प्रेक्षकाला ते सलग ऐकू येते. घरातल्या कन्फेशन रूममधले स्वगत मात्र संकलकाच्या हवाली असते.

मराठी 'बिग बॉस'चा पहिला हंगाम २०१८ मध्ये एप्रिल ते जुलै असा लोणावळ्यातच झाला. म्हणजे मावळातला पाऊस त्याच छपरावर कोसळत होता. २०१९ मध्ये हिंदी आणि मराठी, दोन्ही घरे गोरेगावच्या चित्रनगरीत गेली.