रेडीचा कोट व तेथील राहती जागा

वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोंकास रेडी हें गांव आहे. ऐहोळे येथील रविकीर्तीच्या प्रशस्तींत (शके ५५६) चालुक्य मंगलेशानें जिंकलेलें जें रेवतीद्वीप येतें, तें हेंच, असें फ्लीट यांनीं ठरविलें. शके ५३२ च्या गोव्याच्या ताम्रपटांतील सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा हा चार विषयमंडलांचा अधिकारीही रेवतीद्वीपींच राहत असे. फ्लीट यांचें मत धरिलें तर येथें थोरांच्या निवासास चौदाशें वर्षें झालीं. (रेवतीच्या तकाराचा डकार कसा झाला, हें आमच्यांतील जुन्या पंतोजीस अद्याप पटत नाहीं, परंतु तो वाद येथें नको.)

हल्लीं जुन्या वास्तूंत ऐषारामानें राहण्याची हौस धनिकांत वाढली आहे. तिचें उदाहरण रेडीच्या शेजारींच, नदी न ओलांडतां, आहे. तेरेखोलचा कोट सावंतांचा; १७४६ त पोर्तुगीजांनीं तो घेतला. आंत सेंट अँटनीचें चर्च उभें राहिलें. गोमंतक १९६१ त मुक्त झाल्यावर पुढें तेथें पाहुण्यांच्या खोल्या सजल्या. त्यामुळें छप्पर टिकलें, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु शिबंदीची जागा कोणती, कोठार कोणतें, जुना गिलावा कोठें संपतो, हें आज तेथें गेलेल्यास कोण सांगणार?

उलट रेडीचा यशवंतगड. तेथें कोणी राहिला नाहीं, म्हणून कोणी कांहीं बदललेंही नाहीं. जांभ्याचा खंदक ओलांडून आम्हीं बालेकिल्ल्यांत गेलों, तेव्हां दालनांच्या उंच भिंतींवर छत नव्हतें आणि वडापिंपळाचीं मुळें चिऱ्यांत शिरलेलीं होतीं. भिंतींची जाडी व दालनास लागून दालन पाहतां हा केवळ पहाऱ्याचा कोट नव्हे, ऐसपैस राहण्याचा वाडा होता, असें आम्हांस वाटतें. पुरावा शिल्लक आहे, पण तो दर पावसाळ्यांत थोडा थोडा ढासळतो.

सावंतवाडीस तिसरा प्रकार दिसतो. राजवाड्याच्या आवारांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, पण घराणें तेथेंच नांदतें आणि दरबारांत गंजिफा रंगविण्याचें काम चालतें. मालक घरीं असला म्हणजे जुन्या पेटाऱ्यांतील कागद रद्दींत जात नाहींत. आमचा कल याच प्रकाराकडे आहे. मात्र यशवंतगडास असा मालक नाहीं. त्याचा इतिहास कागदांतूनच मिळवावा लागेल.

येथें संग्राहकांस एक सूचना. इंग्रज या कोटास रायरी म्हणत, पोर्तुगीज रारी. १७६५ त मुंबईकरांनीं सावंतांकडून घेतलेली आणि १८१९ त सर विल्यम ग्रँट कीर यानें सर केलेली रायरी ती ही. परंतु रायगडाचेंही जुनें नांव रायरीच. त्यामुळें आमच्या पाहण्यांतील एका यादींत या कोटाचा कागद रायगडाच्या सदरीं पडलेला होता. आपल्या रुमालांत "रायरी" आली असल्यास आजूबाजूचीं नांवें पहावींत. पाचाड, महाड असल्यास तो रायगड. वेंगुर्लें, तेरेखोल, सावंत असल्यास तो रेडीचा कोट. आणि अशा कागदांत चुना, लांकूड वा कौलें यांचा खर्च असल्यास त्याची नक्कल आम्हांस अवश्य हवी आहे.