नकाराचा अधिकार : नागपूर दरबार आणि फाशांचा खेळ

लढाईंत कोण जिंकला हें सांगणें सोपें असतें; परंतु वादांत कोण जिंकला हें ठरविण्याचा नियम कोणता? तलवारीचा घाव ज्याला बसतो त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. शब्दाचें तसें नाहीं. समोरच्यानें एकदां "नाहीं" म्हटलें कीं उत्तमांतलें उत्तम भाषणही तेथेंच संपतें. हा प्रश्न राजकारणाला जसा पडतो तसा तो विसाव्या शतकांतल्या एका खेळालाही पडला. आणि त्या खेळानें काढलेले नियम नागपूरच्या इतिहासाला लावून पाहिले तर त्यांतील एक प्रकरण अधिक स्पष्ट दिसूं लागतें.

हा खेळ म्हणजे मेजाभोवतीं बसून खेळावयाचा भूमिकांचा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो प्रथम प्रसिद्ध केला. चार-पांच माणसें एकत्र बसतात. प्रत्येकजण एकेक कल्पित पात्र आपलेसें करतो. एकजण सूत्रधार व पंच होतो. आणि संशयाच्या जागीं निकाल फासे देतात. त्याचें कूळ प्रशियाच्या सैन्यांतील, राइसविट्स यानें १८२४ सालीं छापलेल्या युद्धखेळापर्यंत पोंचतें. त्यामुळें झुंजीचे नियम वारशानें आले. मन वळविण्याचे नियम मात्र नव्यानें घडवावे लागले. आरंभीं वाटेंत भेटलेला परका मित्र ठरेल कीं वैरी, हें दोन फाशांवर सोंपविलेलें असे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत 'मुत्सद्देगिरी' हें एक स्वतंत्र कौशल्यच झालें. परंतु तें चाले सूत्रधाराच्या पात्रांवर. खेळाडूच्या पात्राचें मन त्यानें फिरवितां येत नसे.

येथें दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, शरीराला तलवारीचा नियम लागू आहे, तर मनालाच सूट कां? भित्र्याची भूमिका घेणाऱ्यानें कोणत्याही धमकीला कधींच बधूं नये, हा न्याय कसला? दुसरा पक्ष उत्तर देतो कीं, पात्राचें मन हीच खेळाडूच्या हातांतील एकमेव वस्तु आहे. तीही फाशानें हिरावून घेतली तर तो खेळाडू राहिला कशाला, प्रेक्षकच झाला! व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० सालच्या खेळानें मधली वाट काढली. एका खेळाडूनें दुसऱ्याचें मन वळवावयास घेतलें आणि फासे अनुकूल पडले, तर होकाराला कांहीं लाभ जोडला जातो किंवा नकाराला कांहीं जोखीम; निर्णय मात्र ज्याचें पात्र त्याचाच.

आतां नागपूरकडे वळूं. दुसरे रघूजी भोसले गादीवर असतांना, १७९९ सालीं, कंपनी सरकारनें प्रसिद्ध संस्कृतज्ञ कोलब्रुक याला वकील म्हणून नागपुरास धाडलें. भोसल्यांना इंग्रजांच्या मैत्रींत ओढावें हा हेतु होता. १८०१ सालीं तो करारावांचूनच परतला. पुढें १८०३ सालीं असई व अडगांव येथें पराभव झाले, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर रोजीं देवगांवचा तह झाला. कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेलें. राज्याचा सुमारें तिसरा हिस्सा तुटला. रेसिडेंट ठेवून घेणें भाग पडलें, आणि प्रथम एल्फिन्स्टन व मागून जेन्किन्स नागपुरांत येऊन राहिला. तरीही एक गोष्ट रघूजींनीं दिली नाहीं. ती म्हणजे तैनाती फौजेला संमति. रणांगणावर जें हरलें तें हरलें. परंतु नकार अजून त्यांच्याजवळ होता.

त्या नकाराची किंमत मात्र वाढत चालली. १८०९ सालीं अमीरखान राज्यावर चालून आला, आणि रघूजींनीं न मागतांच इंग्रजांची फौज मदतीस आली. १८११ सालीं पेंढाऱ्यांनीं नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन बाहेरच्या वस्त्या जाळल्या. संरक्षणाचें आमिष आणि एकटेपणाची धास्ती, दोन्ही डोळ्यांपुढें होतीं. लॉर्ड हेस्टिंग्जच्या कारकीर्दींत तैनाती फौजेचा प्रस्ताव पुन्हां पुढें आला. रघूजी शेवटपर्यंत बधले नाहींत.

२२ मार्च १८१६ रोजीं रघूजी वारले. पुत्र परसोजी शरीरानें व बुद्धीनें दुबळा. कारभार हातीं घेण्यासाठीं पुतण्या आप्पासाहेब व धर्माजी भोसले यांचा पक्ष यांच्यांत चुरस लागली. आप्पासाहेबांना आधार हवा होता. २७ मे रोजीं, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत, त्यांनीं तैनाती फौजेच्या तहावर गुप्तपणें संमति दिली. जेन्किन्सला या दोन महिन्यांत एखादा नवा, अधिक बिनतोड युक्तिवाद सुचला होता असें नव्हे. प्रस्ताव तोच होता. ऐकणाऱ्याची गरज बदलली होती. गरजेंतून निघालेला तो होकार गरज सरतांच विटला. १८१७ च्या नोव्हेंबरांत २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेबांच्या सैन्यानें त्याच इंग्रजांशीं झुंज घेतली, हार खाल्ली, आणि पुढच्याच वर्षीं आप्पासाहेबांची गादी गेली.

यावरून पाहतां तिन्ही नियमांत मधलाच इतिहासाला जवळचा वाटतो. बोलणारा दुसऱ्याचें मन फिरवीत नाहीं. तो होकाराचा लाभ वाढवितो, नकाराचें मोल चढवितो, आणि वाट पाहतो. परंतु एका बाबतींत खेळाचा नियम इतिहासापुढें तोकडा पडतो. मेजावर नकाराची जोखीम नकार देणाराच सोसतो. नागपुरांत तसें झालें नाहीं. १८०३ नंतर तुटलेल्या मुलखाची भरपाई उरलेल्या गांवांकडून वसूल झाली. सारा वाढला, नवे कर बसले. पगार थकलेले शिपाई शेतकऱ्यांनाच लुटूं लागले. रघूजींचा नकार स्वाभिमानाचा होता, हें खरें. परंतु त्याची किंमत ज्यांनीं दिली त्यांना त्या मेजाशीं कोणीही बसविलें नव्हतें, आणि "नाहीं" म्हणण्याचा अधिकार त्यांच्या हातीं कधींच आला नव्हता.