अनुग्रह आणि अधिकार : मुरडीच्या रँग्लरांच्या निमित्तानें

दापोली तालुक्यांतील मुरुड हें गांव महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें म्हणून सर्वांस परिचित आहे. त्याच तालुक्यांतील मुरडी हें खेडें तितकें परिचित नाहीं. परंतु रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ सालीं तेथें झाला. कर्व्यांच्या मातृकुलाकडून हे दोघे भाऊ लागत, व परांजप्यांच्या शिक्षणास कर्व्यांचें पाठबळ होतें. परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेंत जॉर्ज बर्टविसल यांजबरोबर सर्वप्रथम आले. 'सीनियर रँग्लर' हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. या किनाऱ्यावरील मुलांस ही कथा आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. मात्र तींतील एक प्रश्न आमच्या लक्षांत फार उशिरां आला. परांजपे हे तीस वर्षें आधीं केंब्रिजला गेले असते, तर काय झालें असतें? परीक्षेंत पहिले ते तेव्हांही आले असते. परंतु पुढें सेंट जॉन्स कॉलेजांत त्यांस जें फेलोचें पद मिळालें, तें मिळतें ना. याचें कारण गणितांत नसून धर्मांत होतें. त्या कारणाचा इतिहास येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

विद्यार्थ्याचा आचार आणि विद्यालयाचा नियम यांची सांगड घालण्याचा विचार आपल्याकडे अगदीं नवा नाहीं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत अनध्यायाचें विस्तृत प्रकरण आहे, आणि अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींस पाठ बंद ठेवण्याची चाल पाठशाळांतून नित्याची होती. परंतु तेथें गुरु, शिष्य आणि द्रव्य देणारा दाता हे सारे एकाच परंपरेंतले; तिच्या बाहेरच्यास दारच बंद. त्यामुळें एकाच्या आचारानें दुसऱ्याची अडचण होण्याचा प्रसंगच येत नसे. हा प्रसंग येतो तो निरनिराळ्या धर्मांचे विद्यार्थी एका छपराखालीं बसूं लागतात व त्या छपराखालून मिळणारी पदवी ही उपजीविकेची किल्ली होते, तेव्हां.

इंग्लंडमध्यें हा प्रसंग तीव्रपणें आला. ऑक्सफर्ड येथें प्रवेशाच्याच वेळीं प्रस्थापित चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. केंब्रिज येथें शिकण्यास आडकाठी नसे, पण पदवी घेतेवेळीं चर्चचें सभासदत्व जाहीर करावें लागे. हीं बंधनें ऑक्सफर्डला १८५४ सालीं व केंब्रिजला १८५६ सालीं पहिल्या पदवीपुरतीं सैल झालीं; परंतु फेलोच्या जागा व विद्यापीठाच्या कारभारांतील मताधिकार हीं चर्चबाहेरच्यांस बंदच राहिलीं. जेम्स स्टर्लिंग हे १८६० सालीं सीनियर रँग्लर झाले. ते ख्रिस्तीच होते, पण स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाचे. तेवढ्यावरून ट्रिनिटी कॉलेजचें फेलोपद त्यांस अंतरलें. पुढें १८६९ सालीं नुमा हार्टोग हा ट्रिनिटीचाच यहुदी विद्यार्थी सीनियर रँग्लर झाला. पदवीदानाचा विधि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें होई, आणि तें नांव हार्टोगास स्वीकारतां येत नव्हतें. तेव्हां विद्यापीठाच्या सेनेटनें खास ठराव करून तेवढे शब्द त्याच्यापुरते गाळले.

अशा ठरावास केंब्रिजच्या भाषेंत 'ग्रेस' म्हणतात. आमच्या शास्त्रीय परिभाषेंत त्यास अनुग्रह म्हणावें लागेल, आणि हा शब्द येथें नेमका बसतो. अनुग्रह हा देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. तो एका व्यक्तीपुरता व एका वेळेपुरता असतो. हार्टोगास पदवी मिळाली, पण फेलोपद मिळालें नाहीं. त्याच्या मागून येणाऱ्यास तर पुन्हा दाराशीं उभें राहून विनंतीच करावी लागली असती. १८७१ सालीं हार्टोगानें लॉर्डांच्या सभेच्या समितीपुढें या बंधनांविषयीं साक्ष दिली. त्याच वर्षीं जून महिन्यांत ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरहॅम या विद्यापीठांतील धर्मविषयक कसोट्या रद्द करणारा कायदा झाला. आणि त्याच जून महिन्यांत, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, देवीच्या रोगानें हार्टोगाचा अंत झाला.

या कायद्यानें धर्मशास्त्राच्या पदव्या वगळतां इतर पदव्या व पदें यांसाठीं कोणतीही धर्मप्रतिज्ञा मागण्यास मनाई केली. कॉलेजांतील प्रार्थनामंदिरें त्यानें बंद केलीं नाहींत. उपासना चालू ठेवली. मात्र ज्या व्याख्यानास एखाद्याची धर्मकारणास्तव हरकत असेल, त्यास तो सज्ञान असल्यास स्वतःच्या व अज्ञान असल्यास पालकाच्या हरकतीवरून सूट दिली. येथें अनुग्रहाचा अधिकार झाला. परांजपे पुढें बुद्धिवादी म्हणून प्रसिद्धीस आले. कोणत्याच धर्ममताची प्रतिज्ञा ज्यास मानवली नसती अशा मनुष्यास फेलोपद घेतांना कोणाची दया भाकावी लागली नाहीं, हें १८७१ च्या कायद्याचें फळ होय.

आतां मुंबईकडे पाहिलें असतां एक चमत्कारिक गोष्ट दिसते. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यांतच असें ठरलें होतें कीं, हिंदुस्थानांतील विद्यापीठांच्या पदवीपरीक्षांत धर्ममताशीं संबंध असलेला विषय असूं नये. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानें १८६२ सालीं पहिले चार पदवीधर बाहेर काढले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कर्वे हे एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं पदवीधर झाले. यांपैकीं कोणासही धर्मप्रतिज्ञा करावी लागली नाहीं. म्हणजे ज्या काळीं स्टर्लिंगसारखा इंग्रजी राज्यांतला ख्रिस्ती मनुष्य केंब्रिजच्या फेलोपदास मुकला, त्याच काळीं कोंकणांतला ब्राह्मण मुंबईची पदवी निर्वेधपणें घेत होता. याचें श्रेय राज्यकर्त्यांच्या औदार्यास द्यावयाचें कीं धोरणास, याविषयीं मतभेद होईल. आमच्या मतें तें मुख्यतः धोरण होतें. परक्या प्रजेच्या धर्मांत हात घातल्यास राज्य डळमळेल ही भीति त्याच्या मुळाशीं होती.

शिवाय ही तटस्थता परीक्षेपुरती होती, वर्गापुरती नव्हती. मिशनरी कॉलेजांस विद्यापीठाशीं जोडून घेण्यास व सरकारी अनुदानास अडचण नव्हती, आणि तेथें बायबलाचे तास चालत. ज्याला दुसरें कॉलेज परवडे तो दुसरीकडे जाई. ज्याला परवडत नसे तो तेथेंच बसे. १८८२ सालीं नेमलेल्या हंटर आयोगापुढें हा प्रश्न आला. त्या आयोगाचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे सभासद होते. परंतु धर्मशिक्षणास नकार देण्याचा सरसकट हक्क विद्यार्थ्यांस त्या वेळीं मिळाला नाहीं. तो मिळण्यास २६ जानेवारी १९५० हा दिवस उजाडावा लागला. भारतीय राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचें तिसरें कलम असें सांगतें कीं, राज्यानें मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधींतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेंतील कोणासही त्याच्या संमतीवांचून, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडतां येणार नाहीं. १८७१ च्या कायद्यांत नको असलेल्यानें हरकत घ्यावयाची होती. १९५० मध्यें संस्थेनेंच आधीं संमति मिळवावयाची आहे. फरक शब्दांचा दिसतो, पण तो मोठा आहे. कारण हरकत घेण्यास धैर्य लागतें, आणि गरीब विद्यार्थ्याजवळ तें नेहमींच असतें असें नाहीं. या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें मूळ गांव आंबडवे मंडणगड तालुक्यांतलें, आणि त्यांच्या बालपणाचा कांहीं काळ दापोलीस गेला, हेंही या भागाच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगें आहे.

येथें आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही किनाऱ्यावरील एका शाळेंत मुख्याध्यापक असतांना मुसलमान विद्यार्थ्यांस शुक्रवारीं नमाजासाठीं मधली सुटी पाऊण तास वाढवून देत असूं, व बुडालेला पाठ शनिवारीं भरून घेत असूं. यांत आम्हांस थोडा अभिमानही वाटे. आम्ही निवृत्त झाल्यावर ती सुटी बंद पडली. एका विद्यार्थ्याचे वडील भेटले असतां आम्हीं खेद दाखविला. ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, ती सुटी तुमची होती, शाळेची नव्हती." आम्हीं तो नियम शाळासमितीच्या दफ्तरांत नोंदवून घ्यावयास हवा होता, तें सुचलें नाहीं, कारण देण्यांतलें सुख आम्हांस पुरेसें वाटलें. अनुग्रहाचा हाच दोष आहे कीं, तो देणाऱ्याबरोबर निघून जातो.

अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें अर्धाच प्रश्न सुटतो हेंही खरें. दुसऱ्याचा धर्म लादला जाऊं नये ही एक बाजू. आपला आचार पाळतां यावा ही दुसरी. दुसऱ्या बाजूचा वाद अजून चालूच राहिला आहे. मुंबईतील एका महाविद्यालयानें हिजाब, टोपी इत्यादींस मनाई केली असतां मुंबई उच्च न्यायालयानें २६ जून २०२४ रोजीं विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या मनाईस अंशतः स्थगिति दिली, मात्र वर्गांत बुरखा घालण्यास मोकळीक दिली नाहीं. एकसारख्या वेषानें विद्यार्थ्यांतील भेद झांकले जातात, हें संस्थांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. शिक्षकाच्या नात्यानें आम्हीही तें अनुभवलें आहे. परंतु केंब्रिजची प्रतिज्ञाही सर्वांस एकसारखीच होती. नियम सर्वांस सारखा असला म्हणून त्याचा भार सर्वांवर सारखा पडतो असें होत नाहीं. ज्याच्या अंगावर तो मुळींच पडत नाहीं, त्यास तो दिसतही नाहीं.

म्हणून अशा वादांत इतिहासाच्या अभ्यासकानें दोन प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें. हा नियम कोणास जड जातो, आणि त्यास दिलेली सूट कोणाच्या मर्जीवर टिकून आहे? हार्टोगासाठीं गाळलेले शब्द त्या एका दिवसापुरते गाळले गेले. परांजप्यांसाठीं कांहींच गाळावें लागलें नाहीं. त्यांच्या आधीं अठ्ठावीस वर्षें तें काम सर्वांसाठीं होऊन गेलें होतें. मुरडीच्या या थोर पुत्राच्या कीर्तीचें वर्णन करतांना, त्याच्यासाठीं दार मोकळें करून ठेवणाऱ्या त्या अल्पायुषी यहुदी गणितज्ञाचें नांवही आपल्या मुलांस सांगावें, हें उचित होईल.