ॲपच्या कुलपाचं कूळ

नोव्हेंबर २०१५ मध्ये 'एफ.लक्स' या छोट्या प्रोग्रामच्या कर्त्यांनी आपली आयफोनसाठीची आवृत्ती लोकांसाठी खुली केली. संध्याकाळ झाली की पडद्याचा निळसर उजेड कमी करून तो तांबूस करायचा, एवढंच त्याचं काम. संगणकांवर हा प्रोग्राम २००९ पासून फुकट मिळत होता. आयफोनच्या ॲप स्टोअरमध्ये मात्र त्याला जागा नव्हती, कारण पडद्याचे रंग बदलणाऱ्या आतल्या सोयी ॲपलने बाहेरच्यांना वापरू दिलेल्या नव्हत्या. म्हणून कर्त्यांनी दुसरी वाट काढली. मॅकवर एक्सकोड हे ॲपलचंच साधन असतं, त्यातून ज्याने त्याने प्रोग्राम स्वतःच्या फोनवर चढवावा, असं त्यांनी सुचवलं. हे करारात बसत नाही, असं ॲपलने लगेच कळवलं आणि प्रोग्राम मागे घ्यावा लागला. मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ ही आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आली. त्यात तेच काम करणारी 'नाइट शिफ्ट' ही ॲपलची स्वतःची सोय होती.

पैसे मोजून तो फोन विकत घेणाऱ्या माणसाला या सगळ्यात कुणी काही विचारलं नाही. आपल्या फोनचा पडदा रात्री कोणत्या रंगाचा असावा, हे त्याच्या हातात नव्हतं. हा अधिकार कंपनीकडे कसा गेला, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

कोणताही प्रोग्राम पडद्याला, फाइलला किंवा माइकला थेट हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो आणि ती काम करून देते. कोणत्या मागण्या करता येतात आणि त्या कशा करायच्या, याची ठरलेली यादी म्हणजे एपीआय. आजच्या फोनवर दोन बंधनं येतात. प्रोग्रामने आत आल्यावर काय मागावं, हे एक. मुळात कोणता प्रोग्राम फोनमध्ये यावा, हे दुसरं. ही दोन्ही एकच असल्यासारखी आपल्याला सांगितली जातात, दोन्ही 'सुरक्षिततेसाठी' म्हणून. पण त्यांची कुळं वेगवेगळी आहेत.

पहिलं कूळ विद्यापीठातलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ही त्यामागची कल्पना. लगेच प्रश्न आला की एकाच्या चुकीच्या प्रोग्रामने दुसऱ्याचं काम उधळलं तर काय? पुढे ही प्रणाली आयबीएम ७०९४ वर चालू लागली, तेव्हा त्या यंत्रात खास फेरफार करून घेतले गेले. देखरेख करणारा प्रोग्राम स्मृतीच्या एका भागात राही आणि वापरणाऱ्यांचे प्रोग्राम दुसऱ्या. एखाद्या प्रोग्रामने यंत्राच्या टेप-छपाईला परस्पर हात घालायचा प्रयत्न केला, तर यंत्रच त्याला अडवून देखरेख्याच्या स्वाधीन करी. मल्टिक्स आणि युनिक्स या नंतरच्या प्रणाली याच वाटेने पुढे गेल्या. पहारा होता, पण तो एका वापरकर्त्याचं दुसऱ्यापासून रक्षण करण्यासाठी. तुमचा प्रोग्राम तुम्हीच लिहिलेला की मित्राने दिलेला, याच्याशी त्या पहाऱ्याला काही देणंघेणं नव्हतं.

पहिले पीसी घरोघरी आले तेव्हा त्यांच्यावर हा पहाराही नव्हता. त्यांच्यावरच्या एमएस-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या कित्येक मागण्या मायक्रोसॉफ्टने आपल्या पुस्तिकांत छापल्याच नव्हत्या. प्रोग्रामरांनी त्या शोधून काढल्या, आणि १९९० मध्ये तर अँड्र्यू शुल्मन आणि सहलेखकांचं त्यांवरचं जाडजूड पुस्तकच निघालं. ही लपवाछपवी स्पर्धकांना जाचक होती, त्यावरून वाद झाले आणि पुढे अशाच लपवाछपवीवरून युरोपात मोठा दंडही झाला. पण एक गोष्ट विसरू नये. लपवलेली सोय एखाद्याला सापडली, तर ती वापरणारा प्रोग्राम तो लिहू शकत होता, विकू शकत होता, आणि तो घ्यावा की नाही हे गिऱ्हाईक ठरवत होतं. एफ.लक्सच्या वाट्याला ते आलं नाही.

दुसरं कूळ खेळण्यांच्या बाजारातलं. १९७९ मध्ये अटारी कंपनीतले काही नाराज प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. अटारीच्याच व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी ते स्वतःच्या कार्ट्रिज बनवून विकू लागले. अटारी कोर्टात गेली, पण बाहेरच्यांच्या कार्ट्रिज अडवण्याची कोणतीही सोय तिच्या यंत्रात नव्हती. मग सगळेच त्यात उतरले. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला, त्याच्या अनेक कारणांत सुमार खेळांचा सुळसुळाट हेही एक होतं.

निन्टेन्डो या कंपनीने यातून धडा घेतला. तिने १९८३ मध्ये जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र आणलं होतं. १९८५ मध्ये तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत नेताना तिने त्यात एक चिप घातली, टेन-एनईएस. कात्सुया नाकागावा यांच्या नावावर तिचं पेटंट आहे. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार प्रत्येक कार्ट्रिजमध्ये. यंत्र सुरू झालं की दोघी एकाच गणिताने अंकांची एकसारखी मालिका काढत राहतात. मालिका जुळली तर खेळ चालतो. नाही जुळली तर यंत्र पुन्हा पुन्हा शून्यावर येतं आणि पुढचा लाल दिवा लुकलुकत राहतो.

खेळ चालायला या चिपची गरज नव्हती. जपानमधलं जुळं यंत्र तिच्याशिवाय छान चालत होतं. चिप होती ती परवान्यासाठी. ज्यांना अमेरिकेत खेळ विकायचा त्यांनी निन्टेन्डोशी करार करायचा, कार्ट्रिज तिच्याकडूनच बनवून घ्यायच्या, वर्षाला पाचच खेळ काढायचे. आणि त्रास कुणाला झाला? यंत्रातली कार्ट्रिजची खाच कालांतराने सैल पडे, चिपांचं संभाषण तुटे, आणि दुकानातून रीतसर घेतलेला खेळही यंत्र नाकारू लागे. कार्ट्रिज काढून तिच्यात फुंकर मारणारी मुलं अमेरिकेच्या एका पिढीला आठवतात. फुंकरीने खरं तर काहीच होत नव्हतं. पुन्हा बसवताना संपर्क जुळे, इतकंच.

अटारी गेम्सने ही चिप फोडली, पण त्यासाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण सांगून मूळ प्रोग्रामची प्रत मिळवली, आणि १९९२ मध्ये त्यामुळेच खटल्यात अडकली. त्याच वर्षी सेगा विरुद्ध ॲकोलेड या व्हिडिओ गेम कंपन्यांच्या खटल्यात दुसऱ्या न्यायालयाने एक फार मोलाची गोष्ट मान्य केली: दुसऱ्याच्या यंत्रावर चालेल असा स्वतःचा खेळ बनवायला ते यंत्र उलगडून पाहणं वैध आहे. हे दार फार काळ उघडं राहिलं नाही. १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणंच अमेरिकेत बेकायदा ठरवलं. स्वतःच्या फोनवर बाहेरचे प्रोग्राम चढवण्यासाठी त्याचं कुलूप उघडायला त्यातून सूट मिळायला जुलै २०१० उजाडावा लागला.

आयफोनमध्ये ही दोन कुळं एकत्र आली. २००७ मध्ये तो आला तेव्हा त्यावर बाहेरच्यांचे प्रोग्रामच चालत नव्हते. जूनमध्ये ॲपलने सांगितलं की वेबवर चालणारे प्रोग्राम बनवा. लोकांनी थोड्याच महिन्यांत फोन फोडून त्यावर आपले प्रोग्राम चढवायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी प्रोग्रामरांसाठी साधनसंच देण्याचं जाहीर केलं, मार्च २००८ मध्ये तो आला, आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे पाचशे ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलं. विक्रीतले ३० टक्के ॲपलचे. प्रत्येक ॲप तपासून त्यावर ॲपलची सही झाल्याशिवाय ते सामान्य माणसाच्या फोनवर चालणार नाही.

यातला एक भाग मला मनापासून हवा आहे. प्रत्येक ॲप स्वतःच्या कुंपणात चालतं. एक ॲप दुसऱ्याच्या फाइली वाचू शकत नाही, माइक वापरायचा तर तुम्हाला विचारतं. ज्याच्या फोनमध्ये बँकेचे व्यवहार आहेत, त्याला हे संरक्षण मिळालंच पाहिजे. पण हे कुंपण एमआयटीच्या कुळातलं आहे. ते ऑपरेटिंग सिस्टिम घालते आणि ॲप कोणत्या दुकानातून आलं तरी ते तसंच राहू शकतं. सहीचा दरवाजा निन्टेन्डोच्या कुळातला. स्टोअरमधली तपासणी काही लबाड ॲप अडवते, हे खरं. पण सप्टेंबर २०१८ मध्ये ॲपलने स्वतःची 'स्क्रीन टाइम' सोय आणली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मुलांच्या फोनवापरावर लक्ष ठेवणारी बाहेरची कित्येक ॲप हटवली गेली किंवा त्यांची कामं कमी केली गेली. त्यांचं तंत्र खासगीपणाला धोकादायक होतं, असं ॲपलचं म्हणणं होतं. धोका असेलही. पण पहारेकरी आणि प्रतिस्पर्धी दुकानदार एकच असला, की त्याचा निर्णय कशासाठी होता हे आई-बापांनी कसं ओळखायचं?

मराठी लिहिणाऱ्यांना याची झळ अगदी बोटांपर्यंत लागली. अँड्रॉइडने २००९ मध्येच, १.५ आवृत्तीत, बाहेरच्यांना कीबोर्ड बनवायची मुभा दिली. आयफोनवर ती सप्टेंबर २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर आली. मधल्या पाच वर्षांत एखाद्या पुणेकर प्रोग्रामरने कितीही सुरेख मराठी कीबोर्ड लिहिला असता, तरी आयफोनवर तो स्वतःच्या ॲपबाहेर वापरायला देता आला नसता. जोडाक्षरं कशी टाइप करावीत याबद्दल आपल्याकडे चार पद्धती आणि चाळीस मतं आहेत. ज्या लिपीत एवढी विविधता आहे, तिला सगळं एकाच कंपनीच्या सवडीने मिळावं, हे मला आजही पटत नाही.

अँड्रॉइडने दार किलकिलं ठेवलं, दुकानाबाहेरचं ॲप बसवता येतं. पण बहुतेक लोक गूगलच्या प्ले स्टोअरबाहेर जात नाहीत, त्यामुळे तिथला हुकूमही तितकाच चालतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणांवरून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतरही, १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादात गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप दुकानातून काढली. मुंबईची शादी डॉट कॉम त्यात होती, नोकरी डॉट कॉमही. सरकारने मध्ये पडल्यावर थोड्या दिवसांत ती परत आली.

युरोपने कायद्याने ॲपलला नमवलं. मार्च २०२४ मधल्या आयओएस १७.४ पासून तिथे दुसऱ्यांची ॲप दुकानं चालू शकतात, पण त्या दुकानांतल्या ॲपनाही ॲपलची तपासणी आणि सही लागतेच. म्हणजे दुसऱ्या कुळाचा दरवाजा थोडा रुंद झाला, त्याची किल्ली होती तिथेच आहे. आपल्याकडे त्याच मार्चमध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. मोठ्या कंपन्यांनी बाहेरची ॲप बसवायला अडवू नये, असं त्यात म्हटलं आहे. कुंपण ऑपरेटिंग सिस्टिमने घालावं आणि दरवाजाची किल्ली फोनच्या मालकाला द्यावी, हा फरक त्या कलमात शब्दांनिशी लिहिला गेला पाहिजे. नाहीतर सुरक्षिततेचं कारण पुढे करून कंपन्या ते कलम सहज पोकळ करतील.